साभार परत आलेल्या लेखाचं पुढे काय करायचं?

ख्रिस्तात सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. चर्चच्या तरुण संघात होते तेव्हापासून लिहिते. आधी कविता, नाताळच्या कार्यक्रमासाठी नाटुकली, आणि अलीकडे कथा, लेख. गेल्या वर्षी धीर करून मजकूर बाहेर पाठवला. एका ख्रिस्ती मासिकाने माझ्या आजीवरचा लेख परत केला. ‘आध्यात्मिक बोध कमी पडतो’ असं कळवलं. तोच लेख थोडा बदलून एका दिवाळी अंकाला पाठवला, तर ‘धर्मप्रचाराकडे झुकतो’ म्हणून साभार परत आला. तिसरीकडे एक कथा पाठवली होती, तिथून काहीच उत्तर नाही. आमच्या चर्चच्या पाळकांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, नाव व्हावं म्हणून लिहिताय की प्रभूसाठी? प्रभूचं काम असतं तर दार उघडलं असतं.’ तेव्हापासून वही कपाटात आहे. माझी भाषाही पुस्तकी नाही, घरात बोलतो तशीच लिहिते. खरंच देवाने हे दार लावलंय का? पुन्हा पाठवू, की मंडळीच्या नाटुकल्यांवर समाधान मानू? आजीवरचा लेख सोबत जोडते आहे.

एक भगिनी

प्रिय ताई,

सलाम.

पुन्हा पाठवा. तुमचा लेख मी दोनदा वाचला आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे. पण आधी त्या दाराबद्दल बोलू या, कारण तुमची वही कपाटात गेली ती संपादकांमुळे नाही, पाळकांच्या त्या एका वाक्यामुळे.

आपल्या मंडळ्यांमध्ये असं बोलायची सवयच आहे. नोकरी लागली की प्रभूने दार उघडलं, बदली रद्द झाली की दार लावलं. देव माणसाला वाट दाखवतो यावर माझाही पूर्ण विश्वास आहे. पण एका मासिकाच्या टेबलावर कुणीतरी एका दुपारी घेतलेल्या निर्णयाला मी देवाची वाणी मानत नाही. तुम्हीही मानू नका. त्या संपादकाला विचारलं तर तोसुद्धा हात जोडून सांगेल, ‘एवढं मोठं ओझं माझ्यावर टाकू नका.’

हे निर्णय कसे होतात ते मी जवळून पाहिलं आहे, कारण एका नाताळ विशेषांकाचं संपादन बरीच वर्षं माझ्याकडे होतं. अंकाची पानं किती हे जाहिराती किती मिळाल्या त्यावर ठरतं. बिशपांचा संदेश, संस्थांचे अहवाल, नेहमीच्या लेखकांना आधीच सांगून ठेवलेले लेख, एवढं लागलं की नव्या माणसासाठी थोडीच पानं उरतात. त्या थोड्या पानांसाठी मजकूर मात्र गठ्ठ्याने येतो, आणि त्यात बेथलेहेमच्या गोठ्यावरच्या कविता सगळ्यात जास्त. त्यातल्या काही खरोखर चांगल्या असतात. पण एका अंकात गोठ्यावरच्या किती कविता छापणार? दोन घ्यायच्या आणि बाकीच्या परत करायच्या. परत गेलेल्या कवितांपैकी काही, घेतलेल्या दोघींइतक्याच तोलामोलाच्या असायच्या. मेंढपाळांवरची एक आधीच लागली होती, म्हणून दुसरी गेली. कधी लेख लांब म्हणून परत जातो, कधी तोच विषय गेल्या वर्षी होऊन गेलेला असतो म्हणून. कधी जुन्या फॉन्टमधली फाइल डीटीपीवाल्याकडे उघडतच नाही, आणि लेख न वाचताच राहून जातो. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण असं घडतं, आणि लेखकाला ते कधीच कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती नुसती शांतता. मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो त्या शांततेचे अर्थ लावत बसतो.

तुमच्या कथेला उत्तर आलं नाही, त्याचाही काही अर्थ लावू नका. चार ओळींचं नम्र स्मरणपत्र पाठवा: अमुक तारखेला अमुक नावाची कथा पाठवली होती, ती विचाराधीन आहे का, कृपया कळवावं. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर कथा मोकळी झाली असं समजा आणि दुसरीकडे पाठवा.

आता बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 36 वा अध्याय काढा. तुम्ही तो वाचलेला असणार, पण आता लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहा. यिर्मया सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख शाईने गुंडाळीवर लिहितो. यिर्मयाला मंदिरात जायला मज्जाव आहे, म्हणून लोकांपुढे वाचायलाही बारूखच जातो. शेवटी ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे येते. नववा महिना, थंडीचे दिवस, राजासमोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून होतात न होतात तोच राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळून जाते. जाळू नका म्हणून तिघांनी विनवलं, त्यांचंही त्याने ऐकलं नाही.

ते लिखाण देवाच्या आज्ञेवरून झालं होतं, याबद्दल त्या अध्यायात तीळभरही संदिग्धता नाही. तरीही ते नाकारलं गेलं. नुसतं परत आलं नाही, त्याची राख झाली. ‘प्रभूचं काम असतं तर दार उघडलं असतं’ हे वाक्य या अध्यायासमोर टिकत नाही. पुढे काय होतं? दुसरी गुंडाळी घे, अशी आज्ञा होते. बारूख पुन्हा बसतो. पहिल्या गुंडाळीतलं सगळं तो नव्याने लिहितो, आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. आपल्या हाती आलं ते जळालेल्या गुंडाळीनंतरचं लिखाण आहे. (संपादकांना मी यहोयाकीमच्या रांगेत बसवते आहे असं कृपया समजू नका. आपल्या नियतकालिकांचे बहुतेक संपादक नोकरी किंवा पाळकी सांभाळून, पदरमोड करून अंक काढतात. मला सांगायचं आहे ते बारूखने नंतर काय केलं, तेवढंच.)

नाव व्हावं म्हणून लिहिता का, या प्रश्नाचं उत्तरही याच पुस्तकात आहे. यिर्मयाचा 45 वा अध्याय अवघ्या पाच वचनांचा आहे, आणि तो खास बारूखसाठी आहे. काळही तोच, यहोयाकीमचं चौथं वर्ष, म्हणजे गुंडाळी लिहायला घेतली ते वर्ष. बारूख म्हणतो, मी कण्हून कण्हून थकलो, मला विसावा नाही. देव त्याला विचारतो, तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस काय? त्या शोधू नकोस. म्हणजे पाळकांनी तुम्हाला विचारलं, ते बारूखलाही ऐकावं लागलं होतं. तो प्रश्न रास्त आहे. प्रत्येक लिहिणाऱ्याने तो अधूनमधून स्वतःला विचारावा, मीही विचारते. पण बारूखला सांगितलं गेलं ते मोठेपणा शोधू नकोस एवढंच. लिहिणं थांबव असं त्याला कुणी सांगितलं नाही. पाळकांशी पुन्हा बोलाल तेव्हा हे दोन्ही अध्याय त्यांच्यासोबत वाचा. वाद घालायला नव्हे. ते तुमचे पाळक आहेत, आणि तुमच्या लिखाणासाठी त्यांनी प्रार्थना करावी असं तुम्हालाही वाटतच असेल.

आपलं लिखाण कुणीतरी वाचावं, ही इच्छा म्हणजे गर्व नव्हे. उपदेश करणाऱ्याला समोर मंडळी लागते, गाणाऱ्याला कान लागतात. लिहिणाऱ्याला वाचक लागतो, आणि वाचकापर्यंत जायचा रस्ता संपादकाच्या टेबलावरूनच जातो.

आता भाषेबद्दल. ‘माझी भाषा पुस्तकी नाही’ हे तुम्ही माफी मागितल्यासारखं लिहिलं आहे. ताई, तुम्ही नगर जिल्ह्यातल्या आहात. याच नगरला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार कितीतरी वर्षं होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. त्या पुस्तकातली मराठी घरातली आहे, ओट्यावरची आहे, बोलता बोलता हसवणारी आणि एकदम गप्प करणारी आहे. आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांचा विषय निघाला की पहिल्या दोन-तीन नावांत ते नाव येतं, आणि ते घेणारे बहुसंख्य वाचक ख्रिस्ती नसतात. त्याच काळात आपल्यातल्या किती विद्वान मंडळींनी शुद्ध, भारदस्त मराठीत ग्रंथ लिहिले, आणि ते आज कपाटांतून बाहेर निघत नाहीत. लक्ष्मीबाईंनी कुणाच्या तरी पुस्तकी भाषेची नक्कल केली असती, तर आपण किती मोठ्या ठेव्याला मुकलो असतो, या विचारानेच मला कसंतरी होतं.

तुमच्या लेखात मला खटकलं ते उलटंच. जिथे तुम्ही घरातली भाषा सोडलीत, तिथेच लेख पडला. ‘माझी आजी ही एक प्रार्थनाशील व समर्पित स्त्री होती. प्रभूने तिच्या अंतःकरणात आत्म्यांविषयीचे ओझे घातले होते.’ ही भाषा तुमची नाही. अनुवादित पुस्तकांतून आणि व्यासपीठावरून ती आपल्या सगळ्यांच्याच तोंडी बसली आहे. प्रार्थनासभेत ती शोभते, तिथे ती सगळ्यांची असते. लेखात मात्र तिच्यामागे कुठलीही आजी उभी राहते, आणि तुमची दिसेनाशी होते.

आणि मग चौथ्या पानावर, मधेच, तुमची आजी आली. गावोगाव पायी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगणारी ही बाई हळूहळू त्या गावांतली पत्रं वाचून दाखवणारी झाली, कारण तिथे वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. मुंबईला गिरणीत गेलेल्या मुलाची पत्रं, पलटणीतून आलेली पत्रं. आणि ती म्हणायची, ‘पोरी, पत्र उघडायच्या आधी चहाचं आधण ठेव.’ कारण आत वाईट बातमी असली, तर निदान हातात काहीतरी गरम असावं. ही ओळ वाचून मी कागद खाली ठेवला. एकाच विहिरीवर तिला आधी पाणी नाकारलं गेलं, आणि पुढे तिथल्याच बायका पत्र घेऊन तिची वाट पाहत बसू लागल्या, हेही तुम्ही एका वाक्यात उरकलंत. एका वाक्यात! त्यावर अख्खं पान हवं होतं.

आता ते दोन नकार शेजारी शेजारी ठेवा. एक म्हणतो बोध कमी, दुसरा म्हणतो प्रचार जास्त. तुम्हाला वाटलं, इकडेही जागा नाही आणि तिकडेही नाही. मला वाटतं, दोघंही एकाच दुखण्याबद्दल बोलत आहेत. तुमच्या लेखात आजी मधल्या दोन पानांत आहे. पहिल्या तीन पानांत तिचे सद्गुण आहेत आणि शेवटच्या पानावर वचनं आणि आवाहन. ख्रिस्ती संपादकाला मधला भाग आणि शेवटची वचनं यांचा सांधा दिसला नाही, म्हणून त्याला बोध अपुरा वाटला. दिवाळी अंकाच्या संपादकाला शेवटचं पान वरून चिकटवल्यासारखं वाटलं, म्हणून त्याला तो प्रचार वाटला. दोघांनीही कारण कळवलं, हे विसरू नका. बहुतेक लेखांच्या वाट्याला छापील दोन ओळी येतात, किंवा तेवढंही येत नाही. ज्या लेखाबद्दल संपादक स्वतःचं एक वाक्य लिहितो, तो लेख त्याने शेवटपर्यंत वाचलेला असतो.

म्हणून लेख चहाच्या आधणापासून सुरू करा. पहिली तीन पानं काढून टाका. जीवावर येईल, तरी काढा. दिवाळी अंकासाठी शेवटचं पानही काढा. याचा अर्थ विश्वास लपवा असा मुळीच नाही. आजीच्या पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तकं आहेत, ती प्रार्थना करते, ती कुणाची आहे हे गावाला ठाऊक आहे. ते सगळं लेखात राहू द्या, ठळकपणे राहू द्या. वाचकाला त्यावर प्रवचन मात्र देऊ नका. ख्रिस्ती मासिकासाठी हाच लेख वेगळा लिहा. पत्र उघडताना आजीच्या मनात काय चालत असेल? दुसऱ्याच्या मुलाच्या मरणाची बातमी आपल्या तोंडून सांगायची वेळ आली, तेव्हा ती कशाचा आधार घेत होती? ज्या बाईने पाणी नाकारलं, तिच्याच दारात बसून तिचं पत्र वाचताना क्षमा हा शब्द तिला आठवला असेल का? बोध तिथे आहे, शेवटच्या पानावर उतरवून घेतलेल्या वचनांत नाही. दोन्ही लेखांची नावं वेगळी ठेवा आणि मजकूरही खरोखर वेगळा लिहा. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. दोघांनीही घेतला तर दोन्ही संपादक दुखावतात, आणि आपल्या लहानशा वर्तुळात ते लक्षात राहतं.

आपल्या साहित्यात हा पेच जुनाच आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान आहे. पंचविशीतल्या त्या लेखकाने हिंदू विधवांची अवस्था उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि मांडली, आणि लोक ते पुस्तक आजही त्यासाठीच काढतात. त्यातली उपदेशाची पानं आज जड जातात, पण त्या स्त्रियांची दुःखं जड जात नाहीत. रेव्हरंड टिळकांच्या कविता शाळेच्या पुस्तकांतून ज्या मुलांनी पाठ केल्या, त्यांतल्या कित्येकांना टिळक कोणत्या धर्माचे होते हे विचारावंसंही वाटलं नाही. आणि याच टिळकांनी ‘अभंगांजली’ही लिहिली, जिच्यात ख्रिस्ताशिवाय दुसरं काही नाही. एकाच माणसाने दोन्हीकडे लिहिलं, पूर्ण मनाने लिहिलं. तुम्हालाही एकच अंगण निवडायची सक्ती नाही.

माझ्या संपादनाच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट सांगते. गोठ्यावरच्या कविता ढिगाने येतात, पण मिशन कंपाउंडमधल्या घरांवर कुणी लिहीत नाही. बोर्डिंगात वाढलेल्या मुलींवर नाही, मिरजेच्या मिशन इस्पितळात नर्सिंग शिकून गावोगाव गेलेल्या बायकांवर नाही. ख्रिस्ती कीर्तन करणारे बुवा, दफनभूमीच्या जागेवरून होणारे तंटे, एका घरात दोन धर्म असले की दिवाळी आणि नाताळ कसे जातात, यावर नाही. शेतमजुरी करून रविवारी पेटी वाजवणाऱ्या काकांवर नाही. आपण महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या राहतो, आणि शेजारच्या वाचकाला आपल्या घरात काय शिजतं हेसुद्धा माहीत नाही. ते त्याला कोण सांगणार? तुमच्याकडे ते आहे. पत्र वाचणारी आजी दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणून मी तुम्हाला इतक्या आग्रहाने पाठवा म्हणते आहे.

जागा आहेत. 1842 साली नगरलाच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’पासून, 1903 च्या ‘निरोप्या’पासून आणि वसईच्या ‘सुवार्ता’पासून ख्रिस्ती नियतकालिकांची मोठी परंपरा आपल्यामागे आहे. ‘सुवार्ता’चं अनेक वर्षं संपादन केलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला हा मान कशाला, म्हणून विरोधही झाला, पण संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडलं. ख्रिस्ती लेखकाची मराठी ही साऱ्या मराठीची आहे, हे सिद्ध करण्याचं काम तुमच्यावर नाही. ते होऊन गेलं आहे.

तरीही पुढचा लेख परत येण्याचीच शक्यता जास्त आहे. तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. चांगल्या लेखकांचंही बरंच लिखाण परत येतं, नव्या लेखकाचं त्याहून जास्त. म्हणून एक साधी वही करा: कोणता लेख, कुठे, कोणत्या तारखेला, काय उत्तर. एक लेख बाहेर असताना दुसरा लिहायला घ्या, म्हणजे पोस्टमनची किंवा ईमेलची वाट पाहत दिवस जात नाहीत. लेख परत आला की दोन दिवस वाईट वाटू द्या. त्यात विश्वास कमी असल्याचं काही लक्षण नाही, बारूखही कण्हलाच होता. तिसऱ्या दिवशी लेख मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. दुरुस्ती सापडली तर करा, नाही सापडली तर आहे तसाच पुढच्या ठिकाणी पाठवा. संपादकाला उलट पत्र लिहून वाद घालू नका, आभार मानायचे असतील तर एका ओळीत माना.

पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे तीन-चार अंक खरोखर वाचा. लेख किती लांबीचे असतात, कथा घेतात की नाही, वाचक कोण आहे, हे त्यातून कळतं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे फॉन्टची रड उरत नाही. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या घाला. सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं पुरे. त्यात ‘प्रभूने मला हे लिहायला सांगितलं’ असं लिहू नका, त्याने संपादकाची पंचाईत होते. आणि लेख मंडळीच्या वॉट्सॲप ग्रुपवर आधी टाकू नका, पुष्कळ संपादकांना अप्रकाशित मजकूरच हवा असतो. मानधनाची अपेक्षा फार धरू नका. बऱ्याच ठिकाणी अंकाची एक प्रत मिळते, तीही कधी मागावी लागते.

दोन वाचक शोधा. एक मंडळीतला, खोटं कौतुक न करणारा. दुसरा ख्रिस्ती नसलेला, शाळेतली एखादी सहकारी शिक्षिका चालेल. तिला विचारा, कुठे कळलं नाही, आणि कुठे मी तुला काहीतरी पटवायला निघालेय असं वाटलं. दिवाळी अंकासाठी तिचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा जास्त कामाचं आहे.

नकारांनी कंटाळलेल्या लेखकाला गाठणारे काही प्रकाशकही असतात. हस्तलिखित न वाचताच ‘फार सुंदर’ म्हणतात आणि खर्चाचा आकडा पुढे करतात. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण दोन-तीन नकारांवर उतारा म्हणून तो खर्च करू नका. शिक्षिकेच्या पगारातून तर नकोच. आधी नियतकालिकांत लिहा, वाचक मिळवा.

लिखाणाचं पुढे काय होईल हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ हे बायबलवरचं मराठी काव्य 1616 साली गोव्यात छापलं गेलं, पुढे 1649 आणि 1654 मध्येही. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, 1922 मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावर असेपर्यंत त्या ते काम करत होत्या. मंडळ्यांच्या उपासनेत मात्र ते रूढ झालं नाही. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य 1919 मध्ये ते गेले तेव्हा अपुरं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. आपल्या लिखाणाचं पुढे काय झालं हे यांपैकी कुणालाही पाहायला मिळालं नाही, पण काम कुणी अर्ध्यावर टाकलं नाही.

नाटुकल्या सोडू नका. मुलांच्या तोंडी संवाद बसवताना तुम्ही जे शिकता ते कथेत उपयोगी पडतं, आणि मंडळीला त्या हव्याच आहेत. पण तेवढ्यावर थांबूही नका.

नाताळ अंकांचा मजकूर साधारण ऑक्टोबरपर्यंत गोळा होतो, दिवाळी अंकांचा त्याच्या बराच आधी, पावसाळ्यातच. आजीचा लेख आधी ख्रिस्ती मासिकासाठी नव्याने लिहा आणि सप्टेंबर संपायच्या आत पाठवा. दिवाळी अंकासाठीचा दुसरा लेख सावकाश, पुढच्या वर्षासाठी होऊ द्या. त्यात विहिरीवरचा प्रसंग पूर्ण लिहा. तिथल्या बायकांपैकी कुणी हयात असेल, तर लिहिण्याआधी तिला भेटून या, तिच्या तोंडून ऐका. आणि कथेचं स्मरणपत्र याच आठवड्यात जाऊ द्या.